सदस्यपती

१४ नोव्हेंबर

भंडाऱ्याला जिल्हा परिषदेच्या आरक्षणाची सोडत निघाली. आमचा गट महिलांसाठी राखीव झाला. चिठ्ठी काढली तेव्हा मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. मागून कोणीतरी हसलं. मी वळून पाहिलं नाही.

पंचायत समितीला दोनदा पडलो, जिल्हा परिषदेला एकदा. या वेळी मात्र लोक स्वतःहून म्हणत होते, लक्ष्मणराव, यंदा तुमचंच. अड्याळच्या चौकात माझं कृषी केंद्र आहे. बियाणं घ्यायला आलेला माणूस राजकारणावर बोलल्याशिवाय पायरी उतरत नाही, त्यामुळे हवा कळते. हवा माझी होती. आता त्या हवेचं काय करू?

गावी आलो तर बायको, आनंदाबाई, अंगणात वाळत घातलेलं धान गोळा करत होती. सांगितलं. म्हणाली, "मंग आता तुमी घरी राहान. बरं झालं."

तिला या गोष्टींचं गांभीर्य कळत नाही.

१६ नोव्हेंबर

दोन दिवस घास उतरला नाही. आज दुकानात बसल्या बसल्या डोक्यात उजेड पडला. आनंदाबाईलाच उभं करायचं! नाव तिचं, काम माझं. सगळा जिल्हा असंच करतो.

तिला म्हटलं. ती तांदूळ निवडत होती.

"मले काय येते जी त्यातलं?"

"तुले काही यायची गरज नाही. सही येते ना? बाकी मी हावो ना."

सुपातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाली, "उभी राहीन. पण मले पटन नाही ते मी बोलणार नाही."

मी लगेच हो म्हटलं. बोलायची वेळ तिच्यावर येणारच कशाला?

३ डिसेंबर

तिकीट गेलं. आमच्या पक्षाचे पुढारी टेकचंदभाऊ, त्यांनी ते मारोतरावांची सून रक्षा हिला दिलं. मारोतरावांच्या दोन राईस मिल आहेत, माझं एक दुकान.

तीस वर्षं भाऊंच्या सभेच्या सतरंज्या उचलल्या. त्यांच्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढलं. आज फोनवर म्हणाले, "लक्ष्मण, तू आपला माणूस हाये, समजून घे." मी "हो भाऊ" म्हटलं आणि दुकानामागे जाऊन उभा राहिलो. या वयात डोळे पुसताना कोणी पाहू नये.

घरी येऊन म्हटलं, अर्ज काढून घेऊ. आनंदाबाई म्हणाली, "काहून? अपक्ष म्हणून भरला हाये ना एक? राहू द्या तो."

"पक्षाबिगर कोणी निवडून येते का?"

"मी काय पक्ष पाहून हो म्हटलं होतं?"

हट्टाला पेटली आहे. भाऊ काय म्हणतील, हीच एक धास्ती.

८ डिसेंबर

चिन्ह मागितलं रोड रोलर, मिळाली कढई. कढई घेऊन कोणी कधी मुंबईला पोहोचलं आहे का? मारोतरावांच्या लोकांनी चौकात मोठ्याने विचारलं, "का जी लक्ष्मणराव, भजे कवा तळता?"

मी हसलो. दुसरं काय करणार?

१७ डिसेंबर

कोंढ्याकडच्या एका गावी पहिली सभा. भाषण मी लिहून दिलं होतं, चार पानं, त्यात विकास हा शब्द भरपूर. तिने कागद हातात घेतला, चष्मा चढवला, मग दोन्ही काढून ठेवले आणि सरळ बायकांशी बोलायला लागली. धानाच्या रोवणीला गेल्यावर बोलतात तसं. कोणाच्या घरी बाळंतपण आहे, कोणाच्या सासूचा मोतीबिंदू काढला, असलं.

मध्येच एक जण उभा झाला. "आनंदाबाई, नाल्यावरचा पूल देता का ते सांगा. आजवर साऱ्यांनं कबूल केला."

मी खालून मान हलवत होतो, हो म्हण, हो म्हण. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पूल माह्यानं होणार नाही भाऊ. त्याले वरून मंजुरी लागते, माह्या हातात नाही. पण आपल्या उपकेंद्रात नर्सबाई राहत नाही, ते माह्या हातात हाये. तिच्या क्वार्टरले नळ नाही. लेकरं घेऊन ती बाई पाण्याबिगर राहीन कशी? नळ लावून देईन. मंग रात्री पोट दुखलेल्या बाईले भंडाऱ्याले न्या लागणार नाही."

सभा एकदम शांत झाली. इतकी शांत सभा मी कधी पाहिली नाही. टाळ्या नाहीत, घोषणा नाहीत. मी ओळखलं, गाव हातचं गेलं.

परतताना गाडीत तिच्यावर खूप ओरडलो. ती खिडकीतून बाहेर पाहत होती. म्हणाली, "कबूल केलं असतं तं निवडून आल्यावर त्याच रस्त्यानं जातानी तोंड कुठं लपवलं असतं?"

निवडून आल्यावर! तिच्या या भोळेपणाचं मला वाईट वाटलं.

२६ डिसेंबर

ती रोज एका नव्या गावात काहीतरी "होणार नाही" म्हणून सांगून येते. आज बोडीच्या तळ्यातला गाळ काढण्याबद्दल सांगितलं, "यंदा नाही, पुढच्या उन्हाळ्यात पाहू." मी आता सभेला मागे उभा राहतो.

एक चमत्कारिक गोष्ट. अंगणात सकाळपासून बायका येऊन बसतात. कोणी लाखोरीची भाजी आणते, कोणी पोहे. दोघी तर स्वतःच्या सायकलींना पत्र्याची कढई बांधून फिरतात. चहा पिऊन जातील, दुसरं काय? मत देतीलच असं नाही. माझा अनुभव आहे.

५ जानेवारी

मतदान झालं. कोण काय बोलतो त्यावर विश्वास नाही. हरलो तर भाऊंकडे जाऊन माफी मागायची आणि पुन्हा कामाला लागायचं, असं मनाशी ठरवलं आहे. आनंदाबाई दिवसभर बूथवर उभी होती. घरी आली, पाय शेकले, झोपली. हिला झोप लागते तरी कशी?

६ जानेवारी

निवडून आली!

सहाशेवर मतांनी. रक्षा दुसरी. पहिल्या फेरीपासून पुढे होती. मी तहसीलच्या आवारात झाडाखाली बसलो होतो, आत जायची हिंमत होईना. मुलगा चंद्रकुमार धावत आला, "बाबा, आई आली!" मी म्हटलं, "कुठं आली?" त्याने मला उचलूनच धरलं.

नाल्याकाठचं ते शांत गाव, तिथे जवळपास सगळी मतं कढईला. हे कसं झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही. बहुधा मी मागच्या तीन निवडणुकांत केलेल्या कामाचं फळ उशिरा मिळालं असावं.

गुलालात तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. मी हार घातला. ती हळूच म्हणाली, "शर्ट बदलून घ्या, पाठीवर फाटला हाये."

९ जानेवारी

हा दिवस जपून लिहितो. टेकचंदभाऊ माझ्या घरी आले. स्वतः. पुष्पगुच्छ घेऊन.

जिल्हा परिषदेत त्यांच्या पक्षाला बहुमताला दोन जागा कमी पडतात. विरोधातल्या यादोरावांच्या आघाडीला तीन. तिघी अपक्ष आहेत, आपली आनंदाबाई, साकोलीकडच्या निर्मलाबाई आणि जंगलपट्टीतली रेणू, वकिली शिकलेली पोरगी. अध्यक्षपद महिलेसाठी आहे. भाऊंना आपल्या भावजयीला, रिताताईंना, अध्यक्ष करायचं आहे.

भाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लक्ष्मण, झालं गेलं सोड. वहिनीचं मत रिताले, दुसऱ्या एकीचं मी पाहतो. तू पक्षात जिल्हा उपाध्यक्ष. अन् वहिनीले एखादी समिती."

तीस वर्षांत त्यांनी खांद्यावर हात ठेवल्याचं आठवत नाही. मी शब्द दिला. उभ्या उभ्या दिला.

आनंदाबाई चहा घेऊन आली. तिने एवढंच विचारलं, "भाऊ, आरोग्याचं खातं कोणाकडं ठेवून राहिले?" भाऊ हसले, "वहिनी, ते आमी पाहून घेऊ. तुमी टेन्शन घेऊ नका."

ते गेल्यावर तिला सांगितलं की शब्द दिला आहे. ती "बरं" म्हणाली. मला धास्ती होती, पण तिने समजून घेतलं.

१८ जानेवारी

साकोलीला निर्मलाबाईंकडे हळदीकुंकू. आनंदाबाईला मीच गाडीने नेलं. निवडून आल्यापासून तिला भारी हौस आली आहे. परवा हिने रेणूला आपल्याकडे वाण दिलं, आज हे.

आम्ही पुरुष ओसरीत. निर्मलाबाईंचे यजमान बाबूलालजी, किराणा व्यापारी, मोठा सज्जन माणूस. मी त्यांना समजावलं की निर्मलाबाईंनीही रिताताईंनाच मत द्यावं, भाऊंचा शब्द म्हणजे शब्द. ते सुपारी कातरत म्हणाले, "तिले विचारा लागते जी." मला कीव आली. घरात चालत नाही बिचाऱ्याचं.

यादोरावांची सून मेघाही आली होती, मोठ्या गाडीतून, नागपूरची साडी. राजकारणाची भांडणं विसरून बायका एका सतरंजीवर बसतात, हे पाहून बरं वाटलं. फार वेळ बसल्या. दार लोटलेलं होतं. आतून हसण्याचा आवाज नव्हता, तेवढं मात्र नवल.

परतताना विचारलं, "एवढं काय बोलत होत्या वो?"

"तिळाचा भाव."

२४ जानेवारी

पुन्हा हळदीकुंकू. या वेळी रेणूच्या गावी, जंगलाच्या कडेला. डिझेल जळतं. मी बोललो तर म्हणाली, "रथसप्तमीपावतर चालते जी, मंग कोण बलावते?"

गावात मात्र मला आता "सदस्यसाहेब" म्हणतात. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी दुरुस्त केलं. आता करत नाही.

३० जानेवारी

भाऊंची बस उद्या पचमढीला निघणार. अध्यक्षाची निवडणूक चार तारखेला. तोवर सगळे सदस्य एकत्र राहावेत, कोणी फुटू नये, म्हणून ही सहल.

आनंदाबाईने चक्क नाही म्हटलं. "उन्हाळी धानाची रोवणी लागली हाये. बाया सांगून ठेवल्या. मी वावरात नसली तं काम होते का?"

"जिल्ह्याचं राजकारण अडलं हाये अन् तुले रोवणी सुचून राहिली?"

"धान पचमढीले लावता येते का?"

तिला कोण समजावणार! भाऊंना फोन लावून दोनदा कापला, मग एकदाचं सांगितलं. भाऊ म्हणाले, "मंग तू चाल लक्ष्मण. तू माह्यासंग असला म्हणजे वहिनी जाईन कुठं?"

केवढा विश्वास! बॅग भरली. आनंदाबाईने स्वेटर काढून दिला, सोबत शेवेचा डबा. मला वाटलं होतं रागावेल, उलट दारापर्यंत आली. "आरामात जा. काही घाई करू नका परत यायची."

१ फेब्रुवारी, पचमढी

मला स्वतंत्र खोली, खिडकीतून डोंगर. जेवणात तीन भाज्या. भाऊ स्वतः विचारतात, लक्ष्मण, पोट भरलं का? शिस्त म्हणून सगळ्यांचे मोबाईल जमा केले आहेत. दाराशी दोन पोरं बसवली आहेत, कोणाला काही लागलं तर. मी पान खायला निघालो तर एक जण सोबत आला. एवढी बडदास्त कशी विसरू?

संध्याकाळी धूपगडावर सूर्यास्त पाहिला. रिताताईही होत्या. म्हणाल्या, "लक्ष्मणभाऊ, मले यातलं काहीच नाही समजत. भाऊजी म्हणतात तिथं सही करते." मी धीर दिला, बाई, आमच्या घरीही तसंच आहे.

घरची आठवण आली. आनंदाबाईने असे डोंगर पाहिलेले नाहीत. पुढच्या वर्षी आणीन.

३ फेब्रुवारी, पचमढी

मन लागत नाही. मनात येतं, रोवणी आटोपून ती वेळेवर भंडाऱ्याला पोहोचेल ना? भाऊंचा फोन मागून एकदा बोललो. मागे बऱ्याच बायकांचा आवाज होता. रोवणीच्या असाव्यात. "वेळेवर पोचते. तुमी जेवले का?" म्हणाली, फोन बंद.

उद्या माझ्या शब्दाची परीक्षा.

५ फेब्रुवारी

काल लिहायला बसणं शक्यच नव्हतं. आज दुपारी बसलो आहे, बाहेर अंगणात माणसं मावत नाहीत.

काल बस सरळ जिल्हा परिषदेसमोर आली. पोलिसांनी दोर बांधला होता. सदस्य आत गेले, आम्ही नवरे, दीर, सासरे सगळे फाटकाबाहेर. मी शिपायाला म्हटलं, सदस्यपती आहे. तो म्हणाला, "इथं पन्नास सदस्यपती हायेत काका, सावलीत बसा."

आनंदाबाई आली ती मेघाच्या गाडीतून. सोबत निर्मलाबाई आणि रेणू. तिने मला हात दाखवला आणि आत गेली. मेघाच्या गाडीत का, हे मी स्वतःला विचारलं, पण उत्तर मनात येऊ दिलं नाही.

बाबूलालजी शेजारी येऊन बसले. त्यांनी सुपारी पुढे केली. मी घेतली नाही. तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "लक्ष्मणराव, तुमाले खरंच नाही मालूम का जी?"

"काय?"

"अध्यक्षाचा फारम आनंदाबाईनं भरला हाये. यादोरावची आघाडी पाठीशी. उपाध्यक्ष त्यायचा, आरोग्य खातं या तिघींकडं. साकोलीले माह्याच घरी ठरलं. मले बी कालच सांगतलं."

तेवढ्यात आतून कोणीतरी भाऊंना निरोप दिला असावा. ते गर्दी सारत माझ्यापर्यंत आले. सगळ्यांसमोर ओरडले, "लक्ष्मण! तू शब्द देला होता मले! माह्या भाकरी खाऊन, माह्या बसमधी बसून दगा देला तुनं!"

तीस वर्षं या माणसाच्या आवाजाने मी उठलो-बसलो आहे. कालही उठून उभा राहिलो, हात आपोआप जोडले गेले. मला वाटलं, आता मी माफी मागणार. तोंड उघडलं आणि निघालं ते वेगळंच.

"शब्द मी देला होता भाऊ. पण मत तिचं हाये. तुमी तिले कुठं विचारलं होतं? मीबी नाही विचारलं."

"तुले कळते का तू काय बोलून राहिला ते?"

"आता कळून राहिलं भाऊ."

जोडलेले हात मी खाली घेतले. भाऊ वळून आपल्या गाडीकडे गेले. माझ्या मागे उभ्या असलेल्या नवऱ्यांपैकी कोणीच हसलं नाही.

मग आत हात वर करून मतदान झालं. बाहेर काही दिसत नव्हतं. खिडकीत एक कर्मचारी आला, त्याने दोन बोटं दाखवली. दोन मतांनी, पण कोण? आतून आवाज उठला, आधी बायकांचा, मग सगळ्यांचा. "आनंदाबाई सेलोकर!" आमच्या गावच्या बायका रोवणीच्या चिखलाच्या पायांनी ट्रॅक्टरवर बसून आल्या होत्या, त्यांनी जो गलका केला तो खांबतलावापर्यंत गेला असेल.

पायऱ्यांवर ती दिसली. हारांत बुडालेली. पत्रकारांनी गराडा घातला. एकाने विचारलं, "अध्यक्ष महोदया, पाच वर्षांत काय काय करणार?" ती म्हणाली, "जे होते ते करीन. जे होत नाही ते होत नाही म्हणून पयलेच सांगीन." आणि काल पहिल्यांदा ते वाक्य ऐकून मी टाळ्या वाजवल्या, अगदी हात लाल होईपर्यंत.

गाडीत आम्ही दोघं मागे बसलो होतो. चंद्रकुमार चालवत होता. तीच बोलली.

"राग आला का जी?"

"सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं तुमी भाऊपाशी खोटं बोलू शकले असते का? तुमच्या पोटात कायबी राहत नाही. तीस वर्षं त्या माणसानं तुमाले दारात उभं ठेवलं, तरी तुमी त्याचं वाईट बोलले नाही. मले मालूम हाये. म्हणून सांगतलं नाही." मग म्हणाली, "तुमी बसमधी मनापासून खुशीनं बसले. म्हणूनच भाऊले शंका आली नाही. नाहीतं आमचं जमलंच नसतं."

मी बराच वेळ विचार केला. म्हणजे या विजयात माझाही वाटा आहे तर. तिला तसं म्हटलं. ती हसली, मग तिने माझा हात हातात घेतला. चंद्रकुमार आरशातून पाहत होता तरी सोडला नाही.

अड्याळच्या चौकात बँड तयार होता. लोकांनी तिला उघड्या जीपमध्ये उभं केलं. तिने मला वर बोलावलं, जागा केली. "या जी, तुमी बी या." लोकही ओढत होते.

मी नाही म्हटलं. पुढाऱ्याने रस्त्यावर नाचू नये, असं मी नेहमी मानत आलो. कोणाच्या लग्नातसुद्धा नाचलो नाही. काल स्वेटर काढून आमच्यासोबत मिरवणुकीला आलेल्या बाबूलालजींच्या हातात दिला, बँडवाल्याला म्हटलं, जोरात वाजव, आणि माझ्या बायकोच्या जीपपुढे गावापर्यंत नाचत आलो.